कडेचा मार

टेम्पोवरून कांद्याचं पोतं खाली पडलं, एवढंच झालं. हमालाच्या पाठीवरून निसटलं आणि धप्पकन डांबरावर आलं. वृषाली ओव्हाळ कॉलेज सुटल्यावर धाराशिवच्या बाजारातून घरी चालली होती. हातात मेथीची जुडी, खांद्याला बॅग. पुढचे काही क्षण तिला नंतरही नीट आठवले नाहीत. भान आलं तेव्हा ती भर रस्त्यात गुडघे टेकून बसली होती, मेथी कुठल्या कुठं उडाली होती आणि तिचे दोन्ही हात पोत्याच्या वरच्या टोकाखाली गेले होते, माणसाच्या मानेखाली घालावेत तसे. ओढणीचा बोळा करून तोही तिनं खाली सरकवला होता. हमाल वाकून बघत होता. "म्याडम, लागलं का तुमाला?" "नाही," ती म्हणाली. "कांदे हायेत त्यात," तो म्हणाला, अगदी मवाळ आवाजात, घाबरलेल्या लेकराला सांगावं तसं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. ती उठली, गुडघे झटकले आणि ओढणी तशीच मळकी गळ्यात टाकून चालू लागली. मेथी उचलायची राहिली. धावून जाण्याजोगं काही घडलंच नव्हतं. राजपाल तर दिवाळीनंतरच माकणीला गेला होता. तो आता त्या रस्त्यावर, त्या शहरात कुठंच नव्हता. त्याचं पडणं मात्र इथंच राहिलं होतं, तिच्या कानात.

राजपाल तिचा धाकटा भाऊ, तिच्याहून बराच लहान. तो शाळेत असताना एका दुपारी अंगणात पाणी पीत उभा होता आणि उभ्याचा आडवा झाला. गुडघ्यात वाकला नाही, हात पुढं टाकले नाहीत. बिजागरीतून निखळलेलं दार पडावं तसा सरळ डाव्या अंगावर गेला, आणि फरशीवर डोकं आपटल्याचा आवाज आतल्या खोलीत वृषालीनं ऐकला. तांब्या गडगडत गेल्याचा आवाज त्याच्यानंतर आला. शेजारपाजारचे धावत आले. कुणी म्हणालं कांदा हुंगवा, कुणी पायातली चप्पल काढून पुढं केली. वडील, आबाराव, जिल्हा परिषदेत कारकून होते. आवाज चढवायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण त्या दिवशी ते ओरडले, "चप्पल खाली ठेवा! माझ्या पोराच्या तोंडाला चप्पल लावायची न्हाय!" नंतर सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं ते त्यांनी सगळ्या घराला शिकवलं. कुशीवर वळवायचं, मानेखाली मऊ काहीतरी घालायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि थांबायचं. थांबायचं हेच सगळ्यांत अवघड होतं. आई, मुक्ताबाई, थांबताना तोंडात पदर धरायची. गोळ्या सुरू झाल्या, वाढल्या, बदलल्या. कधी दोन-दोन महिने काही नाही, कधी एका आठवड्यात तीनदा. घर मात्र कायमचं बदललं. घरातली प्रत्येक वस्तू आवाज करत असते हे त्या घराला कळलं. पातेलं पडलं तर कुणीतरी लगेच आतून ओरडायचं, "पातेलं, पातेलं!" म्हणजे बाकीच्यांनी धावू नये. आई गेली, मग वडील गेले, आणि ही ओरडायची रीत दोघा भावंडांत उरली. वृषालीच्या हातून झाकण जरी निसटलं तरी ती आधी "झाकण!" म्हणायची आणि मग ते उचलायची. तिच्या लग्नाचं बोलणं दोनदा आलं होतं. दोन्ही वेळी पाहुणे बैठकीत असताना तिचा एक कान आतल्या खोलीकडं होता, आणि तो पाहुण्यांना दिसला असावा. तिला त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. कान रिकामा झाल्यावर काय करायचं हे तिला तेव्हाही माहीत नव्हतं.

ती मेकॅनिकलची प्राध्यापक होती, शहराबाहेरच्या एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजात. पीएच.डी.साठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मार्गदर्शकांनी पुढं केलेले चार-पाच विषय तिनं बाजूला सारले आणि म्हणाली, मला मार पचवणाऱ्या जाळ्यांवर काम करायचंय. त्यांना वाटलं गाड्यांच्या बंपरसाठी. तिनं त्यांना तसंच वाटू दिलं. थ्रीडी प्रिंटरवर रबरासारख्या चिवट प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवायचा आणि त्यातून बारीक काड्यांची जाळी उभी करायची, वरून बघितलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी, आतून मात्र काड्या तिरप्या, एकमेकींना धरून उभ्या. मग लोखंडाचा जड गोळा वरून सोडायचा. जाळी कच्ची असेल तर गोळा तिला चिरडत थेट तळाला टेकतो. फार ताठ असेल तर ती दबतच नाही, सगळा हादरा पलीकडं पोचवते, फरशीनं पोचवला असता तसाच. या दोन्हींच्या मधली जाळी वेगळी. तिच्या काड्या वरच्या रांगेपासून वाकायला लागतात, एक रांग बसते, मग खालची, मग तिच्या खालची, आणि तेवढ्या वेळात गोळ्याचा जोर खाल्ला जातो. संगणकावर त्याचा आलेख उमटतो. आधी चढ, मग लांब सपाटी, मग पुन्हा चढ. वृषालीनं कितीतरी संध्याकाळी त्या सपाटीकडं बघत काढल्या. ती आणखी लांब करायची, आणखी खाली आणायची. काडीची जाडी केसभर बदलायची, तिरपेपणा थोडा कमी-जास्त करायचा, बाहेरच्या रांगा बारीक आणि डोक्याजवळच्या जाड ठेवायच्या. प्रयोगशाळेत एकटी असताना गोळा सोडला की दर वेळी तिचे डोळे मिटायचे. कुणी बघत असेल तर ती ते उघडे ठेवायची. लोकांना ती म्हणायची, फोमपेक्षा जाळी बरी, हवा खेळती राहते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात डोक्यावर काही टिकायचं तर घाम निघायला पाहिजे. हे खरंच होतं. पण कुठल्याही निबंधात लिहिता न येणारी एक गोष्ट फक्त तिलाच माहीत होती. माणूस किती उंचीवरून, कुठल्या कुशीवर, मान कशी धरून पडतो, हे तिनं कुठल्याही तक्त्यावरून घेतलं नव्हतं.

त्या जाळीची पहिली टोपी तिनं घरी आणली तेव्हा राजपाल कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. त्यानं ती उलटीपालटी करून बघितली. पांढरी, जाड, कानापर्यंत येणारी. "हे घालून मी कुठं जाऊ, ताई? लग्नात घोड्यावर बसू का?" "घरात घाल." "घरात तू हायेस की." तो विनोदानं बोलला होता, पण त्यात विनोद नव्हता. दुसरी तिनं पातळ केली, तिसरी निळ्या कापडात शिवून घेतली, पुढं छज्जा लावला, क्रिकेटवाल्या पोरांची असते तशी. तीही कपाटावर पडून राहिली. दुकानात फिट आली तेव्हा मालकानं त्याला महिनाभर सुट्टी घ्यायला सांगितलं आणि महिना संपल्यावर फोन उचलला नाही. त्यानंतर राजपाल घरात बसला. मोबाईल बघायचा, भाजी चिरायचा, संध्याकाळी ती आली की दार उघडायचा. ती कॉलेजातून दुपारी दोनदा फोन करायची. त्यानं पहिल्या दोन रिंगांत उचलला नाही तर तिसऱ्या रिंगेला ती बॅग खांद्याला लावायची. एकदा त्यानं मुद्दाम उचलला नाही. ती तास सोडून रिक्षानं घरी आली, तर तो खुर्चीत बसला होता, फोन मांडीवर. "बघत होतो, किती वेळात येतेस," तो म्हणाला. ती त्याच्यावर चिडली नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पेटवला आणि बंद केला. मागून त्याचा आवाज आला, "टोपी दे, ताई. घालतो. पण मला इथून जायचंय."

लोहाऱ्याकडच्या माकणीत आण्णासाहेब म्हणून एक जण दूधसंकलन केंद्र चालवत होते. तिथं यंत्रावर फॅट बघायला आणि नोंदी करायला माणूस पाहिजे होता. सकाळ-संध्याकाळ काम, दुपार मोकळी. खोलीही राजपालनंच फोनवर ठरवली होती, म्हाळसाबाई नावाच्या एका बाईकडं. वृषालीला एकदम दोन गोष्टींची भीती वाटली आणि त्यांतली कुठली आधी बोलावी ते कळेना. "त्यांना सगळं माहितीय का?" तिनं एवढंच विचारलं. "दोन्ही सांगितलंय," राजपाल म्हणाला. "आडनावही आणि आजारही. त्या म्हणल्या, हातपाय धड हायेत नव्हं, ये मग." "आणि तिथं धरण आहे. पाणी—" "मी धरणावर जायला चाललो न्हाय." ती म्हणाली, टोपीची अजून एक चाचणी राहिलीय. ती झाली. मग म्हणाली, उन्हात प्लॅस्टिक मऊ पडतं का बघायला पाहिजे. तेही बघितलं. मग पुन्हा एक जाळी छापली, पुन्हा गोळा सोडला. आलेख सुरेख आला होता, इतका लांब आणि सपाट की तो तिच्या मार्गदर्शकांनी भिंतीवर लावला असता. एका संध्याकाळी राजपाल प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. तिनं त्याला येताना ऐकलं नव्हतं. "किती वेळा आपटशील, ताई?" तो म्हणाला. त्या रविवारी तो गेला. लोहाऱ्याची गाडी लागली तेव्हा त्यानं टोपी घातली, खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं, छज्जा जरा तिरका केला आणि हसला. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती हात वर धरून उभी होती. इतके दिवस आपण त्याची जायची वाटच बनवत होतो, हे तिला तेव्हा, त्या फलाटावर, एकदम दिसलं.

तेव्हापासून घर शांत होतं. ही शांतता विसाव्याची नव्हती. संध्याकाळी ती घरी आली की कुलूप स्वतः उघडायची, त्याची तिला सवय होईना. वरच्या मजल्यावर भाडेकरू खुर्ची सरकवायचे, नळाला हवा यायची, मांजर पत्र्यावरून उडी मारायचं, आणि प्रत्येक आवाजाला तिच्या मानेमागची एक शीर ताठ व्हायची. मग आठवायचं की तो इथं नाही. म्हणजे तो पडत असेल तर तिकडं, जिथला आवाज इथं येत नाही. हे पहिल्यापेक्षा वाईट होतं. रोज संध्याकाळी ती फोन करायची. तो म्हणायचा, म्हशीच्या दुधाला आज बरी फॅट लागली, म्हाळसाबाईंनी शेंगाचटणी दिली, अंगणात कुत्रीला पिल्लं झाली. "आणि तू?" ती विचारायची. "मी काय? बरा हाय." तो फोन ठेवायची वाट बघतोय हे तिला कळायचं. तरी ती ठेवायची नाही.

पोतं पडल्याच्या पुढच्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, अनोळखी नंबरवरून फोन आला. "वृषालीताई का? मी धनाजी, म्हाळसाबाईंचा मुलगा, माकणीहून. घाबरू नका." त्या दोन शब्दांनंतर तिनं पायात चप्पल सरकवली. "राजपाल काल सांजच्याला पडला हुता. आता ठीक हाय, केंद्रावर गेलाय. त्यानं आदीच सांगून ठेवलं हुतं, मी पडलो तर कुशीवर करा, तोंडात काय घालू नका, आन् ताईला फोन करू नका. पर म्या म्हणलं, न्हाय सांगावं तर ते बी बरं न्हाय." तिनं विचारलं, डोकं? "टोपी हुती की." त्यानं सहज सांगितलं, छत्री होती की, म्हणावं तसं. लोहाऱ्यापर्यंतच्या गाडीत तिला जागा मिळाली, पण ती बसली असूनही पुढचा दांडा घट्ट धरून होती. बाहेर तुरीची वाळकी रानं, उसाचे ट्रॅक्टर, शाळेच्या भिंती सरकत होत्या, आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, ताईला फोन करू नका. टोपी होती, तो ठीक होता, हे तिला कळलं होतं. ते जिथं बसायला पाहिजे तिथं बसत नव्हतं. दुसरंच काहीतरी तिथं आधीपासून ठाण मांडून होतं.

म्हाळसाबाईंचं घर भूकंपानंतर बांधलेल्या घरांच्या सरळ ओळीत होतं. दारात शेळ्या बांधल्या होत्या. म्हाळसाबाई साठीच्या, काटक, कपाळाला भंडारा लावलेल्या. "या की बाई. इतक्या उनाचं कशाला आलाव? पोरगं ठणठणीत हाय. सकाळीच दूध बघून आलं." राजपाल ओसरीवर बसून भाकरी खात होता. कोपर खरचटलं होतं, त्यावर हळद. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग धनाजीकडं. धनाजी मान खाली घालून पाणी आणायला गेला. "टोपी कुठंय?" तिनं विचारलं. ओसरीवर आल्यापासून ती हेच पहिलं बोलली. म्हाळसाबाईंच्या भुवया वर गेल्या. राजपालनं खुंटीवरची टोपी काढून दिली. वृषालीनं कापड उसवलं आणि अंगठ्यानं चाचपत गेली. डाव्या बाजूला, कानाच्या वर, बोटभर रुंदीची जाळी बसली होती आणि परत उठली नव्हती. पण ती गोल बसली नव्हती. तिथं एक सरळ रेघ होती, विळ्यानं ओढावी तशी. बाहेरच्या रांगांच्या काड्या तुटल्या होत्या, मधल्या वाकून एकमेकींत अडकल्या होत्या, फक्त सगळ्यांत आतली रांग उभी होती. "कशावर पडलास?" "वट्याच्या कडेवर. जिथं कॅन ठेवतात." सिमेंटची कड. तिनं सपाट फरशी धरली होती, गोल दगड धरला होता. कड धरली नव्हती. इतक्या वर्षांत तो घरात कधी कडेवर पडला नव्हता, कारण घरात कुठं कड उरूच दिली नव्हती. एक रांग. तिनं त्या उरलेल्या रांगेवर अंगठा दाबून धरला, आणि त्याच वेळी डोक्याचा दुसराच भाग हिशेब मांडू लागला होता, कडेसाठी वरचा थर जरा ताठ करावा, म्हणजे मार आडवा पसरेल. त्या भागाची तिला लाज वाटली. तो भाग थांबला मात्र नाही.

म्हाळसाबाई शेळ्यांना घेऊन गेल्या. ओसरीवर दोघंच राहिली. "फोन का करू द्यायचा नव्हता?" तिनं विचारलं.

"तू आली असतीस."

"मग?"

"मग काय? आलीच की."

तो थोडा वेळ ताटातल्या चटणीत बोट फिरवत राहिला. मग ताट बाजूला सारून म्हणाला, "ताई, राग मानू नको. मी पडतो. ते काय सुटायचं न्हाय, गोळ्या घेतो तरी. पण पडल्यावर डोळे उघडले की पहिला तुझा चेहरा दिसायचा. आईचा दिसायचा, मग बाबांचा, मग तुझा. तो चेहरा बघून मला वाटायचं मी मेलोच हुतो. काल डोळे उघडले तर हा धनाजी बसलेला. म्हणला, च्या घेतो का?"

वृषाली हसली. आपण हसलो याचं तिला नवल वाटलं. "घेतलास?"

"घेतला. सांडला निम्मा." तोही हसला. मग हळूच म्हणाला, "रोज फोन नको करू. मी करीन. रविवारी करीन."

ती काही तरी बोलणार होती, धरणाबद्दल, गोळ्यांच्या वेळांबद्दल, टोपी एकच आहे आणि ती आता फुटलीय याबद्दल. पण तिनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. तो चेहरा तिनं हजारदा निजलेला, निळा पडलेला, फेसाळलेला बघितला होता. असा समोर बसून वाट बघणारा, हो का नाही एवढंच ऐकायला थांबलेला, तो जणू पहिल्यांदाच बघत होती. त्याच्या कानापाशी दोन-चार पांढरे केस होते. "बरं," ती म्हणाली. त्या एका शब्दाला किती वेळ लागला ते दोघांनाही कळलं. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली म्हणून तो उठला. डोक्याला टॉवेल गुंडाळला. थांब्यापर्यंत तिच्याबरोबर आला, आणि गाडी येताना दिसली तेव्हा म्हणाला, "नवी कधी देतेस?" "पुढच्या आठवड्यात. तोवर जपून." "कडेचा मार धरून कर. आन् काळी कर या टायमाला. निळी मळती." गाडीत चढून ती वळली तेव्हा तो निघालाही होता, केंद्राकडं, लांब लांब ढांगा टाकत. त्यानं मागं वळून बघितलं नाही. तिला ते बरं वाटावं असंच होतं. तिला ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहाच्या सुमाराला ती बाजारात गेली आणि महालिंगप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन म्हणाली, "कडी पाहिजे. न्हाणीघराच्या दाराला." महालिंगप्पा आबारावांना ओळखत होते. "तुमच्या वडिलांनी एकदा घरातल्या सगळ्या कड्या काढून मला परत आणून दिल्या होत्या," ते म्हणाले. "घ्या म्हणाले, पैसे नकोत, पण घरात नकोत." तिला ते माहीत होतं. राजपाल सोळा वर्षांचा असताना आतून कडी लावून अंघोळीला गेला आणि आत पडला. वडिलांनी दार खांद्यानं फोडलं. त्याच दुपारी त्यांनी पेचकस घेऊन घरातली एकूण एक कडी उतरवली, आणि तेव्हापासून त्या घरात कुणीच दार लावून बसलं नव्हतं. आई दारामागं बादली ठेवायची. वृषालीही ठेवायची, आणि पाणी घेताना अधूनमधून खोकायची, आत कुणी आहे हे कळावं म्हणून. भाऊ माकणीला गेल्यावर इतके दिवस एकटीच्या घरातही ती खोकत होती. "मोठी देऊ का लहान?" महालिंगप्पांनी विचारलं. "लहान चालेल."

दारावरची जुनी भोकं रंगानं बुजली होती. ती खिळ्यानं मोकळी करून तिनं कडी बसवली, चारही पेच आवळले आणि दोनदा सरकवून बघितली. मग पाणी तापवून आत नेलं, दार ओढलं आणि कडी लावली. लोखंडाचा खट्ट असा बारीक आवाज झाला. ती पाटावर बसली. पहिला तांब्या तिनं भीत भीत ओतला, कान बाहेर ठेवून. मग दुसरा. पाण्याचा आवाज त्या एवढ्याशा खोलीत भरून राहिला, आणि त्याच्यापलीकडचं काहीच ऐकू येईना. ती रडली, तेही आवाज करून, आधी कुणाला सावध न करता. पाणी संपलं तरी ती तशीच बसून राहिली, गुडघ्यांना मिठी घालून. अंगावर काटा आला, केसांतलं पाणी पाठीवरून निथळून थांबलं. तिनं बराच वेळ लावला. बाहेरून कुणी हाक मारली नाही.